घरपट्टी लागली म्हणजे इमारत अधिकृत झाली असे नव्हे

नवी सदनिका घेताना घरपट्टीची पावती आहे म्हणजे कागदपत्रे चोख आहेत, असे काहीजण म्हणतात; ते मत मला पटत नाही. कर अनधिकृत बांधकामालाही लागतो, म्हणून महापालिकेचे भोगवटा प्रमाणपत्र (इमारत मंजुरीप्रमाणे बांधली असून राहण्यास योग्य आहे, असा दाखला) प्रत्यक्ष पाहूनच ताबा घ्यावा. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येते, त्यामुळे जमिनीखालच्या टाकीत सगळ्या सदनिकांना तेवढे दिवस पुरेल इतके पाणी मावते का, हे बिल्डरला लिटरच्या आकड्यांत विचारावे (बोअरचा भरवसा उन्हाळ्यात कोणी देऊ नये आणि आपण धरू नये). न्हाणीघरात बादलीभर पाणी ओतून ते जाळीकडे वाहते की उंबऱ्याशी साचते, हेही पाहावे. ताब्यानंतर ५ वर्षांच्या आत बांधकामातील दोष निदर्शनास आणून दिल्यास रेरा कायद्याच्या (घरबांधणी व्यवसायाचे नियमन करणाऱ्या कायद्याच्या) कलम १४ नुसार बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. तक्रार मात्र लेखीच करावी आणि पोच घ्यावी.