मदत हवी आहे : चिनी प्रचारचित्राची प्रत नेमकी कोणत्या काळातली?

जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला ‘राष्ट्रस्थापनेचा सोहळा’ या चिनी तैलचित्राची छापील प्रत मिळाली असून, ती चित्राच्या कोणत्या रूपावरून छापली आहे हे ठरवण्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे. दोंग शिवन यांनी १९५३ मध्ये रंगवलेल्या या चित्रात माओ १९४९ मध्ये बीजिंगच्या तिआनआनमेन या दरवाज्याच्या सज्जात ध्वनिक्षेपकांपुढे उभे आहेत. मात्र कम्युनिस्ट पक्षात जो नेता मर्जीतून उतरे, तो पुढे चित्रातूनही उतरवला जाई. उजवीकडचे गाओ गांग १९५५ च्या सुमारास पुसले गेले, सांस्कृतिक क्रांतीत (१९६६–७६) लिऊ शाओची गेले आणि १९७९ मध्ये दोघेही परतले. (माओ अर्थातच जागचे हलले नाहीत.)

माझ्या प्रतीत गाओ यांच्या जागी शेवंतीची कुंडी आणि मोकळे आकाश आहे, म्हणजे ती मूळ रूपाची नव्हे, एवढे समजले. अडचण लिऊ यांची आहे. पुढच्या रांगेतले चेहरे नखाएवढे असून नेमकी तिथूनच घडीची रेघ गेली आहे. सेनापती जू द यांच्या शेजारची व्यक्ती लिऊ की त्यांच्या जागी नंतर रंगवलेले नेते दोंग बीवू, हे पोशाखावरून किंवा मिशीवरून ओळखता येईल का? खालच्या कडेला बारीक चिनी अक्षरे आहेत. कोणी ती वाचून दिल्यास फार उपकार होतील.