सॅच्युरेशन ९६ असताना श्वास वाढला, तर डॉक्टरांना नेमके काय सांगावे?

प्रश्न (परिचारिका, शल्यचिकित्सा वॉर्ड)
पोटाच्या वरच्या भागाची शस्त्रक्रिया होऊन दोन दिवस झालेल्या एका रुग्णाचा श्वसनदर रात्री बारा वाजता मिनिटाला १८ होता, तो तीन वाजता २६ झाला. नाकातील नळीने २ लिटर ऑक्सिजन चालू होता आणि सॅच्युरेशन (रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण) ९६ टक्के होते. रुग्ण टाक्यांवर हात दाबून बसला होता आणि बोलताना मध्येच थांबून श्वास घेत होता. मी फोन केला, तेव्हा “सॅच्युरेशन चांगले आहे ना? मग लक्ष ठेवा,” असे उत्तर मिळाले. सकाळी न्यूमोनियाचे निदान झाले. रुग्ण आता बरा आहे, पण ते मधले तास माझ्या मनातून जात नाहीत. माझे कुठे चुकले?

उत्तर १ (इनचार्ज सिस्टर)
तुम्ही श्वास खरोखर मोजलात, याचे मला फार मोल वाटते. कारण पूर्ण मिनिटभर छातीकडे न पाहताच तक्त्यावर १८ किंवा २० लिहून मोकळे होण्याची सवय मी अनेक वॉर्डांत पाहिली आहे. ऑक्सिजन चालू असताना सॅच्युरेशन बराच वेळ टिकून राहते. ते घसरण्याआधीच श्वास वाढतो. ब्रिटनमध्ये २०१७ साली सुधारलेल्या न्यूज-२ या गुणपद्धतीत (गुण जितके जास्त, तितकी प्रकृती गंभीर) श्वसनदर २५ किंवा अधिक असल्यास ३ गुण आणि ऑक्सिजन चालू असल्याचे २ गुण धरतात. म्हणजे तुमच्या रुग्णाचे इथेच ५ गुण झाले, आणि ५ गुणांना डॉक्टरांनी तातडीने तपासावे असा तिथला नियम आहे. फोनवर असे सांगा: “सर, पोटाच्या शस्त्रक्रियेचा दुसरा दिवस आहे, श्वास तीन तासांत १८ वरून २६ झाला आहे, सॅच्युरेशन ९६ आहे पण २ लिटर ऑक्सिजनवर, आणि रुग्णाला सलग बोलता येत नाही. मला छातीची गुंतागुंत वाटते. तुम्ही आत्ता येऊन पाहावे.” तरीही कोणी आले नाही, तर वरिष्ठांना कळवा आणि दोन्ही फोनची वेळ नोंदवा.

उत्तर २ (फिजिओथेरपिस्ट)
टाके दुखतात म्हणून रुग्ण उथळ श्वास घेतो आणि खोकला दाबतो. त्यामुळे फुप्फुसाच्या तळाचा भाग मिटतो आणि कफ साचतो. म्हणून वेदनाशामकाचा गुण आल्यावरच व्यायाम घ्यावा, आणि खोकताना टाक्यांवर उशी घट्ट धरायला शिकवावे. स्पायरोमीटर (खोल श्वासाच्या व्यायामाचे उपकरण) रुग्णाच्या हाताला येईल असा ठेवावा. बाजूच्या कपाटात ठेवलेला स्पायरोमीटर दिवसभर तिथेच राहतो.

उत्तर ३ (भूलतज्ज्ञ)
फोनवर “लक्ष ठेवा” असे मीही पूर्वी म्हटले आहे, आणि ते अपुरे होते. असे उत्तर मिळाल्यास “किती वेळाने पुन्हा मोजू आणि कोणत्या आकड्याला तुम्ही याल?” असे अवश्य विचारा.

मंदावणाऱ्या श्वासाकडेही तितकेच लक्ष हवे. मॉर्फिन (श्वास मंदावू शकणारे वेदनाशामक) दिलेला रुग्ण घोरत असेल आणि हाक मारल्यावर जेमतेम डोळे उघडून पुन्हा गुंगीत जात असेल, तर तो शांत झोपला आहे असे समजू नका. त्याला हलवून जागे करा, श्वास मोजा, मदत बोलवा. नॅलॉक्सोन (मॉर्फिनचा परिणाम उतरवणारे औषध) दिल्यावर तो तरतरीत दिसेल. पण त्या औषधाचा परिणाम मॉर्फिनच्या आधी ओसरतो आणि श्वास पुन्हा मंदावू शकतो, म्हणून पुढचे काही तास त्याच्याजवळून हलू नये.