दरवाज्यात फायबरचं स्पीकर पॅनल, आपल्या उन्हात जमेल का?

तापीकाठ: भाऊ लोकं, गाडीच्या पुढच्या दरवाज्यात साडेसहा इंची स्पीकर बसवायचेत, पॅनल फायबरचं घरीच बनवतोय, एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुश्याच्या फळीची) रिंग कापून झाली, पण जळगावला मे महिन्यात पारा ४४ च्या वर जातो, रेझिन (फायबरला कडक करणारा पातळ राळेसारखा द्रव) लावता लावताच गोठेल का? आणि पॅनल दाराला पक्कं कसं करू?

भुसावळवाला: लवकर गोठणारच भो. हार्डनर (रेझिन गोठवणारं रसायन) रेझिनच्या १ टक्क्याच्या आसपास ठेव, त्याखाली नको, कच्चं राहतं. सकाळी सावलीत काम कर अन थोडं थोडंच कालव, डब्यात जास्त राहिलं की तापून धूर निघतो. रिंगवर फ्लीसचं कापड ताणून आधी रेझिन पाज, कडक झालं की मागून मॅटचे (काचेच्या धाग्यांच्या चटईचे) दोन-तीन थर. एमडीएफलाही सगळीकडून रेझिन मार, नाहीतर पावसाळ्यात फुगतं.

धुळे_ऑडिओ: नुसत्या क्लिपांवर सोडू नको, खडखडेल. रिंग बोल्टनं दाराच्या पत्र्यालाच आवळ, मधे फोमची पट्टी दे, अन त्याआधी काच पूर्ण खाली घेऊन स्पीकरच्या मॅग्नेटला लागत नाही ना बघच. घासताना मास्क पाहिजे, आणि हार्डनर उडालं तर डोळा जाऊ शकतो, चष्म्याशिवाय बाटली उघडू नको दादा.

तापीकाठ: मॅट चौरस मीटरला किती ग्रॅमची घेऊ?

भुसावळवाला: ३०० ची घे, गोलाईवर नीट बसते. सपाट भागाला ४५० चालेल.