मदत हवी आहे: आईला बोट लागते, तरी दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांना घेऊन क्रूझला जायचं आहे

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या सुट्टीत घरातल्या सहाजणांनी क्रूझला जायचं घाटतंय. आम्ही दोघं, मुलगी नऊ वर्षांची, मुलगा अडीच वर्षांचा, माझी आई (वय 71, गुडघे दुखतात, काठी घेऊन चालते) आणि सासूबाई (वय 68, तब्येत ठणठणीत). आमच्यापैकी कुणीच आजवर क्रूझ केलेली नाही.

हे सगळं आईमुळे निघालं. तिचं माहेर मालवणचं, पण वाढली गिरगावात. दर मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी जायचे. आईला बोट इतकी लागायची की निघाल्यापासून मालवण येईपर्यंत ती डेकवर ट्रंकांच्या आडोशाला चटईवर पडून असायची, नाकाशी लिंबू धरून. मालवणला बोट बाहेरच उभी राहायची आणि पडाव, म्हणजे लहान होडी, यायचा. लाटेबरोबर पडाव वर आला की खलाशी "आता!" म्हणून ओरडायचा आणि पोरांना वरच्या वर झेलायचा. गेल्या महिन्यात माझ्या मुलीला हे सांगताना आई म्हणाली, "इतक्या वेळा गेले, पण मला समुद्र काही दिसला नाही गो. बादलीच दिसली." नंतर म्हणाली, "एकदा नीट बघायचा होता." तेवढ्यावरून मी आणि नवऱ्याने ठरवलं की आईला या वर्षी समुद्र दाखवायचा.

दोन पर्याय काढले आहेत. एक, मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीच्या एम्प्रेस जहाजाने लक्षद्वीप करून परत. विमान नाही, पासपोर्ट नाही, पुण्याहून गाडीने थेट बॅलार्ड पिअर. दुसरा, सिंगापूरला जाऊन तिथून जेंटिंग ड्रीम जहाजाने पेनांग (मलेशिया) आणि फुकेत (थायलंड), तीन रात्री, आणि मागेपुढे सिंगापूरला दोन-तीन दिवस. दुसरा महाग आहे, पण मुलांना सिंगापूर बघता येईल.

आता मला खरंच कळत नाहीत अशा गोष्टी. आईला बोट लागणार हे धरूनच चालले आहे. आजकालच्या एवढ्या मोठ्या जहाजातही ती लागते का? खोली कुठली घ्यावी? बाल्कनीवाली आईला द्यायची इच्छा आहे, पण नवरा म्हणतो वरच्या मजल्यावर जास्त हलतं. दिवाळीत चातुर्मास संपलेला नसतो आणि सासूबाई कांदा-लसूण खात नाहीत, त्यांचं जेवण कसं होईल? अडीच वर्षांच्या मुलाला जहाजावर काय करता येतं? आणि पैशांचं नक्की गणित काय? एका ट्रॅव्हलवाल्यांनी फोनवर जो आकडा सांगितला त्यात पोर्ट चार्जेस आणि ग्रॅच्युइटी (जहाजावरच्या कर्मचाऱ्यांची टीप) धरलेलीच नव्हती. कोटेशन हातात आलं तेव्हा सहाजणांचा फरक बघून मी हबकले. अजून काय काय लपलेलं असतं ते आधीच कळलं तर बरं.

ज्यांनी घरातल्या वयस्कर माणसांना नेलं आहे त्यांनी जरूर लिहा. तुमचं काय चुकलं तेही सांगा, त्याचाच जास्त उपयोग होईल.

प्रतिसाद 1

ताई, मी तेवीस वर्षं मर्चंट नेव्हीत इंजिन रूममध्ये काढली, तेव्हा बोट लागण्याबद्दल आधी लिहितो.

तुमचे यजमान बरोबर सांगताहेत. जहाज दोन तऱ्हेने हलतं. एक डाव्या-उजव्या कुशीवर, ते जितकं वर जाल तितकं जास्त जाणवतं. दुसरं पुढे-मागे, नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, वर आणि मागचं टोक खाली, मग उलट. ते दोन्ही टोकांना सर्वात जास्त. म्हणजे मधोमध आणि खालच्या डेकवरची खोली सर्वात शांत. मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना माशाच्या परांसारखे स्टॅबिलायझर असतात. त्यांनी कुशीवरचं हलणं पुष्कळ कमी होतं, पुढचं-मागचं मात्र होत नाही.

आता तुमच्या दोन जहाजांची तुलना करा. एम्प्रेस 1990 सालची, सुमारे 211 मीटर लांब. जेंटिंग ड्रीम 2016 सालची, 335 मीटर. लाट तीच असली तरी लांब जहाजाला ती कमी जाणवते. त्यात समुद्रही वेगळा. सिंगापूरहून पेनांगपर्यंत तुम्ही मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जाता. एका बाजूला मलाया, दुसऱ्या बाजूला सुमात्रा, त्यामुळे मोठी लाट तयार व्हायला मोकळी जागाच मिळत नाही. फुकेतकडे अंदमानचा समुद्र उघडतो, तिथे थोडं जाणवेल. अरबी समुद्र पावसाळ्यानंतर निवतो हे खरं, पण ऑक्टोबर-नोव्हेंबर हे आपल्याकडे चक्रीवादळांचेही महिने आहेत. 2019 साली ऐन दिवाळीत क्यार आलं आणि त्यामागोमाग लक्षद्वीपजवळून महा गेलं. दरवर्षी असं होत नाही, पण लक्षद्वीप करायचंच असेल तर मी जानेवारी-फेब्रुवारी निवडेन.

बाल्कनी हवीच असेल तर मधोमध आणि मिळेल तेवढ्या खालच्या डेकवरची घ्या. बुकिंगच्या वेळी डेकचा नकाशा मागून खोलीचा नंबर स्वतः निवडा. "गॅरंटी" म्हणून जे स्वस्त भाडं असतं त्यात खोली ते ठरवतात. ती टोकाला आली तर आईंचे हाल. आणि आईंना मळमळलं तर खोलीत झोपवू नका, उघड्या डेकवर आणून क्षितिजाकडे बघायला लावा. त्या लहानपणी ट्रंकांच्या आड पडून राहायच्या ना, तिथेच त्रास वाढत असणार. शरीराला हलणं कळतं आणि डोळ्यांना काहीच हललेलं दिसत नाही, त्या गोंधळातून मळमळ येते.

प्रतिसाद 2

आम्ही दोन वर्षांपूर्वी माझ्या आईबाबांना घेऊन लक्षद्वीप केलं. पाणी इतकं निवळशंख आहे की बाबा बराच वेळ नुसते बघत बसले होते. पण तुमच्या आईंच्या गुडघ्यांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी.

लक्षद्वीपला जहाज बेटाला लागत नाही. बेटाभोवती प्रवाळाचं कडं आणि आत उथळ लगून, त्यामुळे मोठं जहाज बाहेरच राहतं आणि लहान होडीतून बेटावर जावं लागतं. तुमच्या आईंनी सांगितलेला पडाव, अगदी तेच. जहाजाच्या बाजूला खाली एक दार उघडतं, होडी खालीवर होत असते, दोन्ही बाजूंनी माणसं हाताला धरतात आणि सांगतील तेव्हा पाऊल टाकायचं. माझ्या बाबांनी टाकलं. आईचा पाय उचललाच गेला नाही, ती परत वर गेली आणि दिवसभर जहाजावर एकटी बसली. मी तिच्याबरोबर थांबायला हवं होतं. आम्ही सगळेच बेटावर गेलो, ते अजून मनाला लागतं. तुम्ही ती वेळ आली तर कोण थांबणार ते घरीच ठरवून निघा.

फुकेतलाही बऱ्याचदा जहाज पाटोंग किनाऱ्यासमोर नांगर टाकतं आणि बोटीनेच उतरावं लागतं, तेव्हा तुमच्या तारखेला कुठे उतरवणार ते विचारून घ्या. पेनांगला तो प्रश्न नाही, जहाज थेट धक्क्याला लागतं.

बॅगांचं: टर्मिनलवर मोठ्या बॅगा टॅग लावून द्यायच्या असतात आणि त्या खोलीशी यायला काही तास लागतात. आमच्या संध्याकाळी आल्या. बाबांची रक्तदाबाची गोळी त्यातच होती. औषधं, चष्मे, मुलाचे दोन कपडे, सगळ्यांची ओळखपत्रं खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. इस्त्री आणि पाणी उकळायची किटली नेऊ नका, तपासणीत काढून घेतात.

प्रतिसाद 3

मी सिंगापूरला राहते, आईवडील आणि सासूसासरे वेगवेगळ्या वेळी येऊन क्रूझ करून गेले.

सासूबाईंची काळजी करू नका. जेंटिंग ड्रीमवर भारतीय प्रवासी खूप असतात, शाकाहारी आणि जैन जेवण मिळतं. फक्त जैन जेवण बुकिंगच्या वेळीच लिहून द्या आणि पहिल्या दिवशी डायनिंग हॉलमध्ये जाऊन पुन्हा एकदा तोंडी सांगा. माझ्या सासूबाई आधी दोन दिवस फळं-दहीच खात होत्या, कारण त्या काही मागायला संकोचत होत्या. तिसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या माणसाशी बोलले तर त्याने ताजा फुलका करून दिला.

कागदपत्रं: सगळ्यांचे पासपोर्ट प्रवासाच्या तारखेपासून सहा महिने चालणारे हवेत. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, मुलीचा आधी तपासा. जहाज सिंगापूर सोडून परत सिंगापूरला येतं, म्हणजे तुम्ही दोनदा देशात शिरता. व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना ते बघून घ्या. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड येण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं आणि त्याला पैसे लागत नाहीत. पैसे मागणाऱ्या वेबसाइट्स सरकारी नाहीत. मलेशिया आणि थायलंडच्या व्हिसाच्या सवलती मुदतीच्या असतात, पैसे भरण्याआधी त्या दिवसाचा नियम वाचा.

घड्याळ! थायलंड सिंगापूरच्या एक तास मागे आहे. फुकेतला उतरलात की फोन आपोआप तिथली वेळ दाखवतो, आणि परत जहाजावर यायची वेळ मात्र जहाजाच्या घड्याळाप्रमाणे असू शकते. एकाच्या हातात साधं घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून ठेवा. उशीर झाला तर जहाज थांबत नाही.

फोन निघताना एअरप्लेन मोडवर टाका. भर समुद्रात तो जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क पकडतो आणि तुमच्या नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये ते बहुधा बसत नाही. लपलेले पैसे म्हणाल तर हाच एक मोठा. बाकी वायफाय, वेगळ्या रेस्टॉरंटमधलं जेवण, फोटो, डॉक्टरची फी आणि किनाऱ्यावरच्या सहली. पेनांगला जहाजाची सहल घेऊ नका. धक्क्यावरून जॉर्ज टाउन चालत जाण्याएवढं जवळ आहे, आईंसाठी टॅक्सी करा. तिथल्या लिटिल इंडियात केळीच्या पानावर शाकाहारी जेवण मिळेल.

अडीच वर्षांच्या बाळासाठी: डायपर घालणाऱ्या मुलांना बऱ्याच जहाजांवर पोहण्याच्या तलावात उतरू देत नाहीत, आणि किड्स क्लबही तीन वर्षांपुढे, शी-शू सांगणाऱ्या मुलांसाठी असतो. त्यामुळे तुम्हा दोघांपैकी एक सतत त्याच्याबरोबर राहणार हे धरून चाला.

प्रतिसाद 4

मी दवाखाना चालवतो. दोनच गोष्टी.

बोट लागण्याच्या ज्या गोळ्या दुकानात सहज मिळतात त्या मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायच्या असतात, नंतर उपयोग फार कमी. पण त्यांनी झोप येते, तोंड कोरडं पडतं, आणि वयस्कर माणसाचा तोल जाऊ शकतो. हलत्या जहाजावर काठी घेऊन चालणाऱ्या 71 वर्षांच्या बाईंसाठी पडणं हे उलटीपेक्षा वाईट. तेव्हा त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना सगळी औषधं दाखवून गोळी आणि मात्रा लिहून घ्या, आणि जायच्या आधी एकदा घरी घेऊन बघा, किती सुस्ती येते ते कळेल. सुंठ किंवा आल्याची वडी बरोबर असू द्या. रिकाम्या पोटी ठेवू नका, थोडं थोडं कोरडं खाऊ द्या.

विमा घेताना जहाजावरचा उपचार आणि जहाजावरून किनाऱ्यावर हलवण्याचा खर्च त्यात धरलेला आहे का ते वाचा. व्हीलचेअर आत्ताच मागून ठेवा. टर्मिनलच्या रांगेत फार वेळ उभं राहावं लागतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. कालपासून तीनदा वाचला धागा, एकदा आईला मोठ्याने वाचून दाखवला.

प्रतिसाद 2, तुमच्या आईंचं वाचून आई गप्प झाली, मग म्हणाली, "मला एकटीला ठेवलंत तरी चालेल, फक्त खुर्ची बाहेर ठेवा." पण आम्ही ठेवणार नाही. फुकेतला बोटीने उतरवणार असतील तर मी तिच्याबरोबर जहाजावरच थांबेन, नवरा मुलांना आणि सासूबाईंना घेऊन जाईल. तसं आजच ठरवलं.

सिंगापूरच करायचं पक्कं झालं. मुलीच्या पासपोर्टची मुदत खरंच संपत आली आहे, उद्या अर्ज करते. ट्रॅव्हलवाल्यांकडून पोर्ट चार्जेस, ग्रॅच्युइटी आणि कर वेगवेगळे लिहिलेलं नवं कोटेशन मागवलं आहे. खोल्या दोन, आई आणि सासूबाईंना मधोमध खालच्या डेकवरची बाल्कनी, आम्हा चौघांना आतली बिनखिडकीची.

प्रतिसाद 1, आता एवढंच सांगा. मलाक्काच्या सामुद्रधुनीतून वर जाताना सुमात्राच्या बाजूची खोली घ्यावी की मलायाच्या? आईला सकाळी उठल्या उठल्या बाल्कनीत नेऊन बसवायचं आहे, तेव्हा सूर्य कुठल्या बाजूला असेल?

प्रतिसाद 1

सिंगापूरहून पेनांगला जाताना नाळ वायव्येकडे असते, म्हणजे सूर्य उजव्या हाताला, मलायाच्या बाजूने उगवेल. त्या बाजूची बाल्कनी घेतलीत तर सकाळी ऊन बाल्कनीत येईल. परतीला उलट होईल, उगवतीचा सूर्य जहाजाच्या दुसऱ्या बाजूला जाईल. तेव्हा पहिल्याच सकाळी सहाच्या सुमाराला आईंना उठवा. सिंगापूर-मलेशियात सूर्य सातच्या आसपास उगवतो, त्याआधी अर्धाएक तास नुसता उजेड पसरत असतो आणि आजूबाजूच्या जहाजांचे दिवे अजून लागलेले असतात. शाल द्या, वारा असतो.