"देखभाल शून्य" म्हणणाऱ्यांसाठी दोन शब्द

पाथर्डी_फाटा: काल एका भल्या गृहस्थांनी लिहिलं, "शेजारच्या गच्चीवरून मागचं अंगण दिसतं? कोनोकार्पस लावा. दोन वर्षांत हिरवी भिंत, देखभाल शून्य." तेव्हापासून डोकं फिरलंय. २०१९ला नर्सरीवाल्याचं ऐकून आम्हीही अकरा रोपं लावली. भिंत झाली, खोटं कशाला बोलू. चौथ्या पावसाळ्यात मागचं चेंबर तुंबलं. प्लंबरने आत हात घालून ओढलं, तर काथ्याच्या दोरखंडासारखा मुळांचा हातभर शेपटा बाहेर आला, त्यात एक शाम्पूची पुडी गुंडाळलेली. गुजरातने २०२३मध्ये या झाडाच्या लागवडीवर बंदी घातली ती उगाच? कामिनी लावा. बारमाही हिरवी, कात्री सोसते, फुलली की घमघमाट. दीड-दोन फुटांवर लावा, खालपासून दाट होते.

गच्चीग्रस्त: ते भले गृहस्थ मीच. मुळं ओल शोधत जातात, फुटक्या जोडातून आत शिरतात. म्हणजे पाइप आधीच गळत होता. बिल्डरला धरा, झाडाला का? आणि तुमची कामिनी डोक्याइतकी होईपर्यंत माझी पहिलीतली पोरगी कॉलेजात जाईल.

गोदाकाठ: दोघांचंही राहू द्या. अशोक लावा. सरळसोट वाढतो, जागा खात नाही. गंगापूर रोडच्या जुन्या बंगल्यांना पूर्वीपासून तोच आहे.

विद्यार्थी_जन्मभराचा: तो खोटा अशोक. खरा तो सीताअशोक.

कोपऱ्यावरची_काकू: खरा असो की खोटा, पाला खराच पडतो! शेजाऱ्यांचे सात अशोक आहेत. आडोसा त्यांना, खराटा माझ्या हातात. सदाहरित म्हणे. नवी तांबूस पालवी आली की जुनी पानं माझ्याच तुळशीपाशी.

गोदाकाठ: काकू, पाला म्हणजे खत. कोपऱ्यात खड्डा करा.

कोपऱ्यावरची_काकू: खड्डा तुम्ही येऊन करा. अंगणात फरशी आहे माझ्या.

गोदाकाठ: मग फरशी घातलीत ती चूक कुणाची? एप्रिलमध्ये त्याच झाडांच्या सावलीत गाडी लावत असाल.

कोपऱ्यावरची_काकू: माझ्याकडे गाडी नाही. न बघता आरोप करू नका.

वरचा_मजला: फांद्या आमच्या हद्दीत आल्या तर छाटायच्या कुणी? आमच्याकडे यावरून तीन वर्षं बोलणं बंद आहे.

विद्यार्थी_जन्मभराचा: शहरात झाड तोडायला १९७५च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते, एवढं लक्षात ठेवून भांडा. लावतानाच विचार करा. आडोशाला कोयनेल पुरते, शेळीसुद्धा तोंड लावत नाही. आणि लहान पोरं असतील तर कण्हेर नको, सगळं झाड विषारी.

द्राक्षबागी: हिरवी शेडनेट बांधा. दुपारपर्यंत काम होतं. पाला नाही, मुळं नाही, भांडण नाही.

पाथर्डी_फाटा: शेडनेट! अंगण आहे का रोपवाटिका?

गच्चीग्रस्त: आज सहज मागचं झाकण उचलून बघितलं. काही नाही. म्हणजे थोडी मुळं आहेत. केसासारखी. कामिनीचं रोप केवढ्याला मिळतं? नुसतं विचारतोय, मत बदललेलं नाही.

पाथर्डी_फाटा: दोन-तीन फुटांचीच घ्या, अगदी छोटी नको. आणि ती केसासारखी मुळं आजच उपटा.

कोपऱ्यावरची_काकू: इथे पाल्याचं चाललं होतं. गोदाकाठ, गप्प का झालात?