सवाई गंधर्व महोत्सवाला वडील आणि मुलीला घेऊन जाताना

प्रश्न :
या डिसेंबरात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवासाठी मी ७४ वर्षांच्या वडिलांना आणि ९ वर्षांच्या मुलीला घेऊन पुण्याला जाणार असून घरात आतापासूनच दिवस मोजले जात आहेत. वडिलांनी याच महोत्सवात रमणबाग शाळेच्या मैदानावर रात्रभर बसून पहाटेचा ललत, तोडी हे राग ऐकलेले आहेत आणि त्या आठवणी ते नातीला सतत सांगत असतात. मुलीचे भूप आणि यमन शिकून झाले आहेत, परंतु बडा ख्याल, म्हणजे संथ लयीत बराच वेळ चालणारे रागगायन, तिने सलग कधी ऐकलेला नाही. तिची तयारी कशी करून घ्यावी? आणि भारतीय बैठक (जमिनीवर मांडी घालून बसायची जागा) घ्यावी की खुर्च्या?

उत्तर १ :
खुर्च्याच घ्याव्यात. बैठकीत कलाकार जवळ वाटतो हे खरे, पण पाच-सहा तास मांडी घालून बसणे वडिलांना जड जाईल. मांडव मोकळ्या मैदानात असतो, त्यामुळे सूर्य मावळला की शाल लागतेच.

उत्तर २ :
मुलीला रागाची माहिती पाठ करायला लावू नका; तिला फक्त सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, ओळखायला शिकवा. बडा ख्याल ज्यात गातात त्या विलंबित एकतालाच्या मात्रा १२च असल्या, तरी लय इतकी संथ असते की एका आवर्तनाला, म्हणजे तालाच्या एका फेरीला, पाऊण मिनिटही लागू शकते, आणि मुले कंटाळतात ती याच ठिकाणी. मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, समेवर येताना आजोबांची मान कशी हलते, तेवढे तिला पाहू द्या. शिवाय घरी दुपारी चारच्या सुमारास मुलतानी आणि दिवस मावळताना मारवा लावत जा, कारण मैदानावर ती ज्या वेळी बसणार आहे, त्याच वेळेचे हे राग आहेत.

उत्तर ३ :
वडिलांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी. ध्वनिवर्धकावर रात्री दहानंतर निर्बंध आल्यापासून रात्रभराची मैफल राहिलेली नाही, आणि २०१८पासून महोत्सवही रमणबागेऐवजी मुकुंदनगरला होतो. पहाटेचा ललत आता तिथे मिळणार नाही, याचे मलाही फार वाईट वाटते. मात्र एकच दिवस जमणार असेल तर शेवटचा निवडा. भीमसेनजींनी १९५३ साली गुरूंच्या स्मृतीसाठी हा महोत्सव सुरू केला, आणि सांगता आजही त्या गुरूंच्याच, म्हणजे सवाई गंधर्वांच्या, ध्वनिमुद्रित भैरवीने होते.

प्रश्नकर्ती :
सर्वांचे मनापासून आभार. शेवटच्या दिवसाचे ऐकताच वडिलांनी होकार दिला. काल चार वाजता मुलतानी लावला होता. थोड्या वेळाने मुलगी म्हणाली, ‘आजोबा, यातला मध्यम स्वर आमच्या यमनातला आहे.’