वृद्धाश्रमाची परीक्षा सकाळी अकरा वाजता करू नये

पाणवठा

श्री. सिंहावलोकन यांचा ‘वृद्धाश्रम की कोंडवाडा?’ हा परवाचा लेख वाचून राहवले नाही, आणि जे सांगायचे आहे ते प्रतिसादात मावणारे नाही, म्हणून वेगळा धागा काढते आहे. तो लेख ज्यांच्या नजरेतून सुटला असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ते आपल्या वाचनमंडळासह पुण्याजवळच्या एका वृद्धाश्रमात सकाळी अकराच्या सुमारास गेले. दारातच लघवीचा वास आला, एका आजींना ओढणीने खुर्चीला बांधलेले दिसले आणि दोन मावशी मोबाइल पाहत बसलेल्या आढळल्या. महिना २२ हजार रुपये घेऊन हे चालत असेल तर असली ठिकाणे सरळ बंद करावीत, असा निष्कर्ष काढून मंडळ दीड वाजता जेवायला घरी परतले.

ओढणी बांधणे चूक आहे, यात वाद नाही. माझा आक्षेप परीक्षेच्या वेळेवर आहे. माझ्या आईला कंपवात आहे आणि विस्मरणही आहे. तिच्यासाठी जागा शोधताना मी अकरा ठिकाणे पाहिली. सर्वत्र मला बाग, भजनाचा हॉल आणि आठवड्याचे जेवणाचे वेळापत्रक कौतुकाने दाखवले गेले. रात्री नऊनंतर किती माणसे कामावर असतात, या प्रश्नाचे सरळ उत्तर अकरांपैकी दोघांनी दिले. मी मात्र शहाणपणा गुंडाळून ठेवून सर्वांत स्वच्छ जागा निवडली. तिथे फिनेलचा वास येत असे, चादरी पांढऱ्याशुभ्र असत. तीन महिन्यांनी एका रात्री साडेअकराला मी न कळवता गेले. आईच्या पलंगाच्या पायथ्याशी पडून पडून जखमा होऊ नयेत म्हणून रात्रभर कूस बदलल्याच्या नोंदींचा तक्ता अडकवलेला होता, आणि त्यात पहाटे सहापर्यंतच्या सगळ्या चौकटी एकाच निळ्या शाईत, एकाच झोकदार सहीने भरून ठेवलेल्या होत्या. तिच्या माकडहाडावर तेव्हा रुपयाएवढा लाल डाग होता. पंधरा दिवसांत तिथे बोटाचे पेर आत जाईल एवढी जखम झाली.

आज ती जिथे आहे तिथे कधीकधी वास येतो, भिंतींना रंग देऊन बरीच वर्षे झाली आहेत, आणि मावशी दुपारी मोबाइल पाहतात. मात्र तिच्या अंगावर आज एकही जखम नाही.

सिंहावलोकन

धागाकर्तीच्या मातोश्रींना झालेल्या त्रासाबद्दल सहानुभूती आहे, परंतु त्यांचा तर्क मान्य केला तर यापुढे दुर्गंधी हेच उत्तम सेवेचे लक्षण समजावे लागेल. मी पाहिले ते दिवसाढवळ्या पाहिले. जे लोक पाहुण्यांसमोर ओढणी सोडण्याची तसदी घेत नाहीत, ते रात्री काय दिवे लावत असतील? शिवाय ‘चूक आहे, यात वाद नाही’ एवढ्या एका वाक्यात आपण त्या आजींना निकालात काढलेत, याचे मला नवल वाटले.

जुनी परिचारिका

मी ३१ वर्षे परिचारिका होते, त्यामुळे वासाबद्दल बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे. वास येतो म्हणजे काळजी चांगली असे नाही, आणि वास येत नाही म्हणजे चांगली असेही नाही. डायपर कमी भिजावेत म्हणून दुपारनंतर पाणीच कमी द्यायचे, हा उपाय मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिला आहे. खोलीला वास येत नाही, पण पाणी कमी पडल्याने लघवीचा संसर्ग होतो, त्या वयात संसर्गाने ताप येण्याआधी बडबड सुरू होते, घरच्यांना ‘आजोबा भ्रमिष्ट झाले’ असे कळवले जाते, झोपेची गोळी सुरू होते आणि गोळीच्या अंमलात रात्री उठताना खुब्याचे हाड मोडते. मूळ कारण पाण्याचे दोन पेले होते, हे कोणत्याही कागदावर येत नाही.

आता रात्रीचे गणित पाहा. दहा जण अंथरुणाला खिळलेले असतील आणि दर दोन तासांनी कूस बदलायची असेल, तर रात्री नऊ ते सकाळी सात या वेळेत पाच फेऱ्या, म्हणजे ५० वेळा कूस बदलणे आले. ओले काढून, पाठ पुसून, गुडघ्यांमध्ये उशी ठेवेपर्यंत आठ मिनिटे जातात. एकूण ४०० मिनिटे, आणि तीही दोन माणसांची, कारण एकट्याने ओढले की पाठीची कातडी चादरीवर घासते. एअर बेड, म्हणजे हवेची गादी, घातला की कूस बदलावी लागत नाही, अशी समजूत असलेल्यांनी ती कृपया सोडून द्यावी.

ओढणीबद्दल मी श्री. सिंहावलोकन यांच्याच बाजूने आहे. बांधलेला माणूस सुटण्यासाठी धडपडतो आणि खुर्चीसकट पडतो. तोल जात असेल तर पुढे ट्रे असलेली खुर्ची द्यावी किंवा जवळ माणूस बसवावा. पण पुन्हा प्रश्न तोच, की माणूस आणायचा कुठून?

कलम एकोणीस

कायद्याच्या बाजूचा कुणी उल्लेख केला नाही, म्हणून लिहितो. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक अधिनियमाच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असा एक तरी वृद्धाश्रम असावा, असे म्हटले आहे. मात्र शासन तो ‘स्थापन करू शकेल’ अशी भाषा असल्याने ते बंधन न राहता सदिच्छा ठरली आहे. खासगी निवासांची नोंदणी आणि त्यांच्यासाठी किमान मानके आणणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले आणि ते मंजूर झालेच नाही.

दरम्यान आपल्याकडे १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम आहे, आणि त्याच्या व्याख्येत आजार व इजा यांच्याबरोबरच दुर्बलतेने ग्रासलेल्या व्यक्तींना ठेवून घेऊन उपचार व शुश्रूषा करणाऱ्या जागाही येतात. नाकातून नळीने अन्न घेणारे रुग्ण ठेवणाऱ्या जागेने ‘आम्ही केवळ निवास देतो’ असे म्हणणे मला पटत नाही. भाडे घेताना ‘केअर सेंटर’ आणि तपासणी आली की ‘वृद्धाश्रम’, अशी दुहेरी पाटी कितींनी लावली आहे ते आपापल्या गावात पाहावे.

पिंपळपान

सातारा जिल्ह्यातील एका छोट्या न्यासाचा मी विश्वस्त आहे, त्यामुळे वरील सूचना वाचून हसावे की रडावे ते कळेना. २२ हजार म्हणजे दिवसाला ७३३ रुपये. एवढ्यात दोन वेळचे जेवण, चहा-नाश्ता, वीज, धुणे, डॉक्टरांची फेरी आणि २४ तास माणूस हवा. आपल्या सोसायटीत ब्यूरोची बाई फक्त १२ तासांसाठी काय घेते ते विचारा. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेला महिना २५ हजारांपर्यंतच्या शुल्कावर जीएसटी माफ आहे, ही सवलत खरी. परंतु तिने मावशींचा पगार होत नाही.

आणि समाज काय देतो? जेवण! गेल्या पितृपक्षात आमच्याकडे २६ वृद्ध होते आणि १५ दिवसांत २१ जेवणांची विचारणा आली. प्रत्येकाला श्रीखंड-पुरीच द्यायची असते, स्वतःच्या हाताने वाढायचे असते आणि फोटो काढायचे असतात. रात्रपाळीच्या मावशीचा एका महिन्याचा पगार मी देतो, असे म्हणणारा एकही दाता मला नऊ वर्षांत भेटलेला नाही.

चिंचेचे झाड

पिंपळपान यांचे विधान अत्यंत कृतघ्नपणाचे आहे. माझ्या आईच्या तिथीला मी गेली १४ वर्षे एका वृद्धाश्रमात जेवण देतो. तिथल्या आजी माझ्या डोक्यावरून हात फिरवतात, तेव्हा मला आईची आठवण होते. ज्यांना दात्यांचा एवढा कंटाळा आला आहे त्यांनी देणगीच्या पेट्या आधी काढून टाकाव्यात. आणि ऐंशी वर्षांच्या माणसाला आयुष्याच्या शेवटी चार चमचे श्रीखंड खाऊ देणार नसाल, तर कसली काळजी आणि कसली गुणवत्ता?

जुनी परिचारिका

चार चमच्यांना कुणाचीच हरकत नाही. माझ्यासमोर घडलेली गोष्ट सांगते. लकव्याने गिळण्याची ताकद गेलेल्या एका आजोबांना आम्ही सरळ बसवून, मऊ भात चमच्याने, हनुवटी खाली ठेवून भरवत असू. एका ताईंनी प्रेमाने पुरीचा घास त्यांच्या तोंडात घातला, फोटो निघाला, आजोबांना ठसका लागला, आणि तिसऱ्या दिवशी न्यूमोनिया म्हणून त्यांना रुग्णालयात हलवावे लागले. ताईंना हे कधीच कळले नाही, कारण त्या पुढच्या वर्षीच्या तिथीपर्यंत पुन्हा आल्याच नाहीत.

चिंचेचे झाड

म्हणजे आता मी माणसे मारतो, असे आपले म्हणणे आहे! धन्यवाद.

पाणवठा

तसे कुणीही म्हटलेले नाही, परंतु विषय निघालाच आहे म्हणून सांगते. आईच्या कपाटात आज सात शाली आहेत. त्यांतल्या सहा सत्काराच्या आहेत, आणि तिचा कसला सत्कार झाला ते तिलाही माहीत नाही आणि मलाही नाही. तिची कवळी मात्र मागच्या दिवाळीत हरवली. रात्री सगळ्यांच्या कवळ्या एकाच स्टीलच्या वाडग्यात भिजत घातल्या जात होत्या, त्यामुळे ती बहुधा दुसऱ्या कुणाच्या तोंडात असेल. झाकणाचा डबा आणि त्यावर नाव लिहिलेली पट्टी, एवढाच खर्च होता. मी २० डबे नेऊन दिले, तेव्हा व्यवस्थापकांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की फोटो केव्हा काढायचा?

पिंपळपान

फोटोचा दोष आमच्यावर येणार, हे माहीत होते. दात्याला फोटो पाठवला नाही की पुढच्या वर्षी तो शेजारच्या संस्थेत जातो. तरीही डब्यांची सूचना चांगली आहे. आमच्याकडेही वाडगाच आहे, हे कबूल करतो.

काठावरचा

एवढी चर्चा वाचून एकच वाटते, की मुळात आई-वडिलांना तिथे ठेवावेच का लागते? माझे वडील सहा वर्षे अंथरुणावर होते. आम्ही त्यांना घरीच ठेवले, सर्व काही घरी केले, आणि त्यांच्या पाठीला शेवटपर्यंत एक ओरखडाही आला नाही. जिथे माया आहे तिथे तक्ते लागत नाहीत.

पाणवठा

‘आम्ही केले’ यातील ‘आम्ही’ म्हणजे नेमके कोण, हे कृपया सांगावे. रात्री दोन वाजता कूस कोण बदलत होते?

काठावरचा

हा प्रश्न वैयक्तिक आणि असभ्य आहे. तरी उत्तर देतो. रात्री पत्नी उठत असे. तिने त्यासाठी नोकरी सोडली होती. मी दिवसा औषधे, डॉक्टर आणि बँकेची कामे पाहत होतो.

जुनी परिचारिका

म्हणजे आपल्या घरीही रात्रपाळीला एक पूर्णवेळ माणूस होता, आणि एका रुग्णामागे एक असे प्रमाण होते. असे प्रमाण महाराष्ट्रातील कोणत्याही वृद्धाश्रमाला परवडणार नाही. फक्त आपल्याकडे तिला पगार नव्हता.

काठावरचा

आता कोणाची पाठ कशी आहे हे विचारत असाल, तर पत्नीच्या मणक्यात दोन वर्षांपासून दोष आहे. झाले समाधान?

दूरस्थ

मी टोरांटोला असतो, त्यामुळे मला शिव्या देण्याची प्रथा आहे. ती इथे अजून पार पडलेली नाही, याचे आश्चर्य वाटते. मी वडिलांच्या खोलीत कॅमेरा बसवून घेतला आहे. आमची संध्याकाळ म्हणजे तिकडची पहाट, त्यामुळे मीच रात्रपाळीवर असतो म्हणा ना. गुणवत्तेची हमी हवी असेल तर प्रत्येक पलंगासमोर कॅमेरा सक्तीचा करावा.

जुनी परिचारिका

आणि कपडे बदलताना, एनिमा देताना त्या वृद्धाने कॅमेऱ्याकडे पाहत राहावे? मार्गिकेत लावा, औषधाच्या कपाटासमोर लावा. पलंगासमोर लावायचा असेल तर ज्याचा पलंग आहे त्याला विचारून लावा. आपल्या वडिलांना विचारले होते का?

दूरस्थ

विचारले नव्हते. परंतु पहाटे चारला ते पलंगाखाली पडले तेव्हा मी तिथून फोन केला म्हणून मावशींना जाग आली, एवढेही नोंदवून ठेवा.

सिंहावलोकन

काल रात्री दहा वाजता मी त्याच ठिकाणी पुन्हा गेलो. एकट्याने गेलो, मंडळ नेले नाही. धागाकर्तीच्या आग्रहाखातर गेलो असे कुणी समजू नये. माझा चष्म्याचा डबा तिथे राहिला होता.

फाटक उघडायला दहा मिनिटे लागली. ३४ वृद्धांसाठी रात्री दोन मावशी आणि फाटकावरचे एक मामा असतात. त्यांतल्या एक मावशी सकाळी मोबाइल पाहत बसलेल्या त्याच होत्या. त्यांची पाळी सकाळी आठ ते रात्री आठ असते, परंतु रात्रीची बाई आली नव्हती, म्हणून त्या थांबल्या होत्या. खुर्चीतल्या आजींना का बांधता, असे विचारले. त्या म्हणाल्या, ‘‘बाकीच्यांना आंघोळी घालीपर्यंतच बांधते, दादा. मागं एकदा सोडून गेले, तर जिन्यावर सापडल्या.’’ तेवढ्यात आतून कुणीतरी हाक मारली आणि त्या गेल्या. मी अर्धा तास थांबलो, पण त्या परत आल्या नाहीत, म्हणून निघालो. कूस बदलण्याचा तक्ता तिथे नाहीच, त्यामुळे तो खरा की खोटा भरतात हा प्रश्न उद्भवला नाही.

‘बंद करावीत’ हे माझ्या लेखातील वाक्य मी मागे घेतो. ओढणीबद्दलचे आणि वासाबद्दलचे एकही वाक्य मागे घेत नाही.

पाणवठा

घेऊ नकाच. त्या रात्री न आलेल्या बाईला महिना किती देतात, तेवढे मात्र विचारायचे राहिले.

सिंहावलोकन

विचारले होते. ११ हजार. सुट्टी घेतली तर कापतात.